लोककलेची स्थानपोथी : भंडारा जिल्ह्यातील कलावंत, भूमी आणि पाणी

१

मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला अंभोरा हे नाव नवे नाही. वैनगंगा आणि कन्हान यांच्यासह पाच प्रवाहांचा संगम मानले जाणारे हे स्थान नागपूर आणि भंडारा या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ येथेच रचला, असे मत विदर्भातील अभ्यासकांनी आग्रहाने मांडले. अंबेजोगाईचा पक्षही तेवढ्याच निष्ठेने मांडला गेला. शके १११० हा ग्रंथाचा परंपरामान्य काळ, गुरुपरंपरा, समाधिस्थाने अशा अनेक अंगांनी हा वाद लढविला गेला. मराठीच्या एका आद्य ग्रंथाचा जन्म कोणत्या काठावर झाला हे ठरविण्यासाठी एवढा खटाटोप व्हावा, यात वावगे काही नाही. परंतु या साऱ्या चर्चेत नदी आली ती केवळ स्थाननिश्चितीची खूण म्हणून. त्या नदीवर होडी चालविणारा, जाळे टाकणारा, उन्हाळ्यात रेतीत टरबुजांच्या वाड्या करणारा ढिवर समाज आणि त्याची वाणी यांचा विचार करण्याची गरज अभ्यासकांना फारशी भासली नाही.

आज अंभोऱ्याची नदी ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचे पाणी तेथवर पसरले आहे. २०२४ मध्ये संगमावरचा तारांचा भव्य पूल वाहतुकीस खुला झाला आणि दोन्ही तीरांचे दळणवळण सुकर झाले. पूल हवाच होता. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु होडीचे वल्हे, रेतीतील वाडी आणि वाहत्या पाण्यातील मासेमारी ज्या शब्दसृष्टीत आणि गीतसृष्टीत वावरत होती, तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न शेष राहतो. तो पाटबंधारे खात्याचा प्रश्न नाही, हे मान्य केले पाहिजे. तो मराठीच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. आणि त्याने तो आजवर आपला मानलेला नाही.

भूमीशी व पाण्याशी बांधलेल्या समाजांची कला ही त्या भूमीची आणि पाण्याची नोंदवही असते. कलेचे शब्द टिपून घेतले आणि तिचे स्थान वगळले, तर नोंदवहीतील मजकूर राहतो, पण कोणाचे काय आणि कोठे, हा रकानाच कोरा होतो. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाने बहुतांशी हेच केले आहे. भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने या उणिवेचा विचार करणे अगत्याचे आहे.

२

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नवेगावबांधसारखे विख्यात जलाशय त्या जिल्ह्यात गेले. परंतु तलावांची संस्कृती सीमारेषेने विभागली गेली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात मिळून माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगितली जाते. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांनी बांधले आहेत. जो जंगल तोडून तलाव बांधील, त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत असल्याचे परंपरा सांगते. या कामात कोहळी समाजाने विशेष कौशल्य दाखविले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या बृहद्ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच करून दिलेली आहे.

नवेगावबांधचा तलाव बांधणारा कोलू पाटील कोहळी पुढे कोलासुर या नावाने देव झाला, अशी लोकश्रद्धा आहे. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी असे म्हणतात. पाळ घालणारा माणूस देवत्वास पोचतो आणि पाणी अडविण्यास साहाय्य करणाऱ्या टेकड्या बहिणी होतात, या कल्पनेचा अर्थ केवळ दैवतकथा म्हणून लावणे अपुरे आहे. हा बांधकामाचा इतिहास आहे. तो कोणी बांधला, कोठे बांधला आणि कोणत्या टेकड्यांच्या आधाराने बांधला, हे गावाने आपल्या पद्धतीने लिहून ठेवले आहे. लोकमानस येथे कथा सांगते आहे आणि त्याच वेळी दस्तऐवजही करते आहे.

तलाव बांधणारे कोहळी, तर तलावात वावरणारे ढिवर. मासेमारी, शिंगाड्याची लागवड, नदीच्या रेतीतील वाड्या, होडी चालविणे आणि कोशाचे किडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढविणे, अशी त्यांची परंपरागत कामे. त्या कोशाचे वस्त्र विणणारे कोष्टी मोहाडी, आंधळगाव, पवनी या परिसरात आहेत. गोंड आणि हलबा या जमाती याच भूमीवर त्याहून आधीपासूनचे नाते सांगतात. एका तलावाभोवती अशा रीतीने अनेक समाजांचे जीवन गुंफलेले आहे. तलावाच्या पाळीवर कोणाचा हक्क, पाण्यातील मासळीवर कोणाचा, उतरत्या पाण्याखालील ओल्या जमिनीवर कोणाचा आणि तुडुमातून सुटणारे पाणी प्रथम कोणाच्या बांधीत जावयाचे, याचे नियम होते. हे नियम सर्वांना न्याय देणारे होते, असे समजण्याचे कारण नाही. मालगुजाराचा वरचष्मा होता, जातीची उतरंड होती, श्रमाचा मोबदला विषम होता. तरीही पाणी हे कोणाचे तरी आहे आणि त्याच्याशी वागण्याची एक रीत आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती. ती जाणीव कलेत उतरली.

३

झाडीपट्टीतील कलांचे वेळापत्रक धानाने आणि पाण्याने ठरविलेले आहे. पावसाळ्यात चिखलणी झालेल्या बांधीत स्त्रिया ओळीने वाकून रोवणी करतात, तेव्हा रोवणीची गाणी म्हटली जातात. दिवाळीत गायगोधनाला गोवारी समाजाचा उत्सव असतो. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडईला प्रारंभ होतो आणि मंडईच्या रात्री दंडार, खडी गंमत, नाटक रंगते. धान कापणीस आलेले असते किंवा खळ्यावर पोचलेले असते. हातात थोडा पैसा आणि मनाला थोडा विसावा असतो. झाडीपट्टी रंगभूमीचा सारा हंगामच या विसाव्यावर उभा आहे. वडसा येथे केंद्र असलेल्या या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष काही काळ इकडे वळले. परंतु त्या कौतुकातही ही रंगभूमी कोणत्या पाण्यावर वाढते, हा प्रश्न विचारला गेला नाही.

दंडार मोकळ्या जागेत होते. तिला नेपथ्य नसते, कारण भोवतालचे गाव हेच तिचे नेपथ्य असते. पुरुषच स्त्रीभूमिका करतात. दंडारीतील विनोद, टोमणे आणि प्रसंग गावाला कळतात ते गावाच्या संदर्भांमुळे. कोणती बोडी आटली, कोणाच्या बांधीत पाणी अडले, कोणाची पाळ फुटली, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. त्याच दंडारीची संहिता छापून विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवली की हे सारे संदर्भ गळून पडतात आणि उरतो तो थोडा पाल्हाळिक, थोडा अश्लील वाटणारा मजकूर. मग अभ्यासक त्यावर ‘ग्रामीण मनोरंजनाचा एक प्रकार’ असा शेरा मारतो. हा दोष दंडारीचा नसून टिपण्याच्या पद्धतीचा आहे.

भाषेचे उदाहरण यापेक्षाही स्पष्ट आहे. झाडीबोलीत ‘ळ’ नाही. त्याच्या ठिकाणी ‘र’ येतो. डोळा हा डोरा होतो आणि तलावाची पाळ ही पार होते. आता एखाद्या गीतात पार हा शब्द आला आणि संग्राहकाने तो पिंपळाचा पार समजून प्रमाण मराठीत तसाच ठेवला, तर संपूर्ण तलाव गीतातून नाहीसा होतो. गाणे पाण्याच्या काठावरून उचलून झाडाखाली नेऊन ठेवले जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला आणि दंडारीचा स्वतंत्र अभ्यास मांडला, त्यांच्या कार्याचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या वास्तव्यात स्थानिक माणसांकडून पक्ष्यांची, माशांची, वनस्पतींची नावे ऐकून मराठी गद्यात आणली, तेव्हा मराठी भाषा समृद्ध झाली, असे सर्वांनी म्हटले आणि ते खरेच आहे. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही हेच पुन्हा म्हटले गेले. परंतु ज्यांच्या तोंडून ही नावे आली, त्यांचा त्या पाण्याशी आज काय संबंध उरला आहे, याकडे साहित्यविचाराने वळून पाहिलेले नाही. शब्द घेतले, शब्द देणाऱ्याचा ठाव घेतला नाही.

याचा अर्थ मराठी लोकसाहित्याभ्यासाने काहीच केले नाही, असा घेऊ नये. साने गुरुजींपासून सरोजिनी बाबरांपर्यंत संकलनाची थोर परंपरा आपल्याकडे आहे; दुर्गा भागवतांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. परंतु या संकलनांची मांडणी मुख्यतः विषयानुसार झाली: माहेर, सासर, भाऊ, सण, व्रत. तिच्यातून मराठी स्त्रीमनाचे एक सर्वसाधारण चित्र उभे राहिले. विशिष्ट गावाचे, विशिष्ट पाण्याचे चित्र मात्र पुसट झाले. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या गायिकेच्या नावासह आणि गावासह नोंदविल्या आहेत. वेगळी पद्धत शक्य आहे, याचा हा मराठीतलाच पुरावा आहे. पूर्व विदर्भाच्या वाट्याला असे काम अद्याप यावयाचे आहे.

४

स्थान वगळण्याचे परिणाम केवळ वाङ्मयीन असते, तर एवढ्या आग्रहाचे कारण नव्हते. परंतु याच काळात शासकीय नोंदींतूनही या समाजांचे पाणी हळूहळू नाहीसे होत गेले आहे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ पासून तलाव शासनाच्या ताब्यात गेले. मालगुजारांची मिरास संपली, ही इष्टच गोष्ट झाली. पण तिच्याबरोबर तलावाची देखभाल करण्याची गावाची रीतही मोडली आणि तिची जागा घेणारी दुसरी रीत निर्माण झाली नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, बेशरमाच्या झुडपांनी पाणथळी व्यापल्या. मासेमारीचा परंपरागत अधिकार आता ठेक्याच्या स्वरूपात आला. ज्या पाण्यात पूर्वज वावरले, त्याच पाण्यासाठी ढिवरांच्या सहकारी संस्थांना ठेका भरावा लागू लागला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६५ येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. गावातील पाण्याविषयीच्या, वहिवाटीविषयीच्या आणि मासेमारीविषयीच्या रूढी नोंदवून ठेवण्याचे हे कलम. त्या नोंदीला ‘वाजिब-उल-अर्ज’ असे जुनेच नाव आहे. परंतु जी जमीन किंवा जे पाणी शासनाच्या अथवा स्थानिक संस्थेच्या मालकीचे वा व्यवस्थेखालचे आहे, ते या नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. तलाव शासनाचे झाले आणि त्याबरोबर तेथील मासेमारीची रूढी नोंदण्याची ही वहीही मिटली. रूढी राहिली, माणसे राहिली, कागद मात्र उरला नाही.

याहून विचित्र गोष्ट वर्गीकरणाची आहे. महाराष्ट्राच्या यादीत ढिवरांचा समावेश भोई समाजाच्या पोटजातींत, म्हणजे भटक्या जमातींत होतो. या वर्गीकरणामुळे त्यांना ज्या सवलती मिळतात त्या मिळावयासच हव्यात. वाद सवलतींविषयी नाही. पण पिढ्यानपिढ्या एका नदीच्या, एका तलावाच्या काठी राहिलेल्या समाजाला राज्याच्या नोंदीत ‘भटके’ हे नाव मिळावे, यातील विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. शब्द हा मराठीच्या अभ्यासकाचा विषय आहे. तेव्हा या शब्दाने काय झाले हे सांगण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. भटक्याला गाव नसते, असा सर्वसामान्य समज आहे. ज्याला गाव नाही त्याचे पाणी कोणते, असा प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

गोसीखुर्दने या प्रश्नाला तीव्र रूप दिले. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाची पायाभरणी झाली. मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. अडीच लाख हेक्टर भूमी ओलिताखाली येईल असे सांगण्यात आले. २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्च अनेक पटींनी वाढला आणि काम दशकानुदशके लांबले. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. प्रदीर्घ आंदोलनानंतर २०१३ मध्ये राज्य शासनाने प्रकल्पग्रस्तांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. या साऱ्या व्यवहारात घरे मोजली गेली, शेती मोजली गेली, झाडेही मोजली गेली. ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याला काही तरी मिळाले. ज्याचे जीवन वाहत्या पाण्यावर आणि उन्हाळी रेतीवर होते, त्याच्या नावावर पाण्याचा सातबारा नव्हता. त्यातच नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि धरणाच्या साठलेल्या पाण्यात जमा होते. वाहती नदी जे वाहून नेत होती, ते आता थांबते.

आणि कलेचे काय? दंडारीची जागा कोणत्याही मोजणीत नव्हती. नव्या वसाहतीत आखीव रस्ते आणि आखीव भूखंड असतात. मंडई भरण्याजोगी, पिढ्यानपिढ्यांच्या सवयीने ठरलेली जागा आखता येत नाही. शेजार बदलतो, म्हणजे प्रेक्षक बदलतो. कलावंताला मानधन मिळविण्यासाठी प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांची कात्रणे जोडावी लागतात; ज्या गावासमोर त्याने आयुष्यभर कला सादर केली, ते गावच पाण्याखाली असेल तर साक्ष कोणाची काढावयाची?

५

या ठिकाणी एका दूरच्या उदाहरणाचा विचार उपकारक ठरेल. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्नहेम लँड या प्रदेशात योलंगू हे आदिम समाज राहतात. त्यांच्या भूमीत बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन देण्यात आली, तेव्हा १९६३ मध्ये यिर्कला येथील वडीलधाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेकडे विनंतिअर्ज पाठविले. त्या अर्जांचा मजकूर त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत होता आणि तो झाडाच्या सालीवर, कुळाकुळाच्या परंपरागत चित्रांच्या चौकटीत बसविलेला होता. ती चौकट शोभेची नव्हती. कोणत्या कुळाची कोणती भूमी, याचे ते निवेदन होते. १९७१ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला; परंतु त्यातून निर्माण झालेल्या जागृतीतून १९७६ चा भूमिहक्क कायदा आला.

पुढे १९९६ मध्ये त्याच प्रदेशातील एका पवित्र स्थळी, खाडीच्या काठी, बेकायदा मासेमारांचा तळ आढळला आणि मगरीचे तोडलेले मुंडके सापडले. योलंगूंच्या दृष्टीने मगर ही पूर्वज आहे. या घटनेनंतर त्यांच्या चित्रकारांनी समुद्राचे, खाडीचे, भरती-ओहोटीच्या पाण्याचे आपले नाते सालीवर चितारण्यास आरंभ केला. ऐंशी चित्रांचा तो संच आज सागरी वस्तुसंग्रहालयात आहे. ज्या चित्रांतील ज्ञान पूर्वी बाहेरच्यांसमोर येत नसे, ते त्यांनी जाणीवपूर्वक समोर आणले. कारण समुद्र हा कोणाचाच नसतो, असे मानणाऱ्या राज्यव्यवस्थेला त्यांना उत्तर द्यावयाचे होते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने ब्लू मड बे प्रकरणात निर्णय दिला आणि तेथील भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यात परवानगीवाचून मासेमारीसाठी येता येणार नाही, हे मान्य केले. हा निर्णय कायद्याच्या अर्थावर झाला, केवळ चित्रांवर नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु चित्रांनी आणि गीतांनी जे नाते पिढ्यानपिढ्या जपले होते, त्यामुळेच तो लढा उभा राहू शकला, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडे अशी दृष्टी नव्हती काय? होती. गोंडांच्या कुळांचा इतिहास बाना या वाद्यावर गाणारे परधान हे त्या कुळांच्या स्मृतीचे वारसदार. मराठी माणूस असलेल्या शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच परधान परंपरेतील जनगढसिंह श्याम यांनी मध्य प्रदेशातील पाटणगढच्या देवदेवतांना आणि प्राण्यांना कागदावर आणले आणि एक नवी चित्रशैली जन्मास आली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, आपल्या भूमीपासून दूर, त्यांनी मृत्यूला कवटाळले. कलादालनांनी त्यांची चित्रे स्वीकारली. चित्रामागची भूमी मात्र कोणी विचारात घेतली नाही. वारली चित्रकलेचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रे देशोदेशी गेली. त्या चित्रांतील भातशेती आणि रान कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मात्र चित्राच्या चौकटीबाहेरच राहिला. आपण कलावंताचा सत्कार करतो आणि त्याच्या कलेतील विधान ऐकून घेत नाही.

६

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, साहित्याच्या अभ्यासकाने हक्कांच्या वादात का पडावे? त्याचे काम आस्वादाचे आणि विश्लेषणाचे. आक्षेप गंभीर आहे. परंतु संहितेचा संदर्भ अचूक नोंदविणे हे विश्लेषणाचेच पहिले पाऊल आहे. हस्तलिखिताचा अभ्यासक पोथी कोठे मिळाली, कोणाच्या संग्रही होती, कोणत्या शकात नकलली गेली, हे सांगितल्याशिवाय एक ओळही लिहीत नाही. मौखिक संहितेलाच या शिस्तीतून सूट का मिळावी? आणि हे संदर्भ नोंदविल्यामुळे एखाद्या गावाला आपल्या पाण्यावरचा हक्क सांगणे सोपे जाणार असेल, तर त्याने अभ्यासाची निष्पक्षता बिघडत नाही.

ही शक्यता केवळ कल्पनेतली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या समाजांचे जलाशयांतील मासे व इतर उत्पादनांवरील सामुदायिक हक्क मान्य केले आहेत. अनुसूचित जमातींखेरीज इतर परंपरागत वननिवासींनाही तो दावा करता येतो; मात्र त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा अधिवास दाखवावा लागतो. याच कायद्याखालील २००८ च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी उतरवून घेतलेले कथन समाविष्ट आहे. मासेमारीच्या जागा, सिंचनाच्या व्यवस्था, पवित्र स्थाने यांचाही उल्लेख त्यात आहे. म्हणजे तोंडी परंपरेला कायद्याने पुराव्याचे स्थान दिलेले आहे. वडीलधाऱ्यांचे बोलणे विश्वासार्ह रीतीने उतरवून घेणे, बोलीतील शब्दाचा नेमका अर्थ देणे, पार म्हणजे पिंपळाचा पार नव्हे तर तलावाची पाळ, हे सांगणे या गोष्टी मराठी विभागाइतक्या चांगल्या रीतीने कोण करू शकेल? कायद्याची व्याप्ती वनभूमीपुरती आहे, सगळे तलाव तिच्यात येत नाहीत, ही मर्यादा मान्य केली तरी अभ्यासाचे मोल त्याने उणावत नाही.

दुसरा आक्षेप भाबडेपणाचा आहे. भूमीशी नाते, पाण्याशी नाते, असे म्हणता म्हणता जुन्या गावगाड्याचे उदात्तीकरण होण्याचा धोका असतो. तो टाळण्याचा मार्गही स्थाननोंदीतूनच जातो. कोणत्या पाळीवर कोणाला बसता येत होते, कोणाला येत नव्हते. दंडारीत स्त्रियांना का स्थान नव्हते. रोवणीची गाणी गाणाऱ्या स्त्रियांपैकी कितीजणींच्या नावावर बांधी होती, हे प्रश्न स्थानाशी निगडित आहेत. सर्वसाधारण ‘लोक’ या शब्दाआड ते लपतात. विशिष्ट गाव आणि विशिष्ट तलाव समोर आला की लपू शकत नाहीत.

तिसरा आक्षेप असा की, हे सारे आता संपत आले आहे, मग खटाटोप कशासाठी? तो मान्य करता येत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढिवरांच्या ज्ञानाचा आधार घेऊन तलावांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासळी परत यावी असा प्रयत्न केला. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान शिल्लक होते म्हणूनच हे घडू शकले. जे ज्ञान तलाव जिवंत करू शकते, ते मृत म्हणता येणार नाही.

७

यासाठी नवी पद्धत परदेशातून आणण्याची आवश्यकता नाही. ती मराठीजवळ सातशे वर्षांपासून आहे. महानुभावांनी श्रीचक्रधरांच्या लीळा सांगितल्या आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या ओट्यावर बसले, नदी कोणत्या बाजूस होती, वाट कोठून गेली, हे त्यांनी निष्ठेने नोंदविले. स्थान नसेल तर लीळा अधांतरी राहील, हे त्यांना कळले होते. डॉ. वि. भि. कोलते यांनी हा ग्रंथ संपादून अभ्यासकांच्या हाती दिला. चक्रधरांच्या शिष्यांत नीळभट्ट भांडारेकार होते. त्यांच्या नावातच भंडारा आहे. या भूमीच्या अभ्यासकाला स्थानपोथीचा वारसा आठवून देण्याची वेळ यावी, हे खेदाचे आहे.

भंडारा जिल्ह्यातील लोककलेची अशी एक स्थानपोथी सिद्ध व्हावी. प्रत्येक गीतासोबत, प्रत्येक दंडारीसोबत चार गोष्टी नोंदविल्या जाव्यात: ती कोणत्या जागी सादर होते, कोणत्या पाण्याचा उल्लेख करते, वर्षाच्या कोणत्या कामाशी बांधलेली आहे आणि ती सादर करण्याचा अधिकार कोणाचा मानला जातो. बोलीतील शब्द बोलीतच ठेवावा. अर्थ खाली द्यावा. बुडालेल्या गावांना अग्रक्रम द्यावा, कारण तेथील स्थानांची आठवण असलेली पिढी वृद्ध झाली आहे. गावाने जे उघड करू नये असे सांगितले असेल, ते उघड करू नये. आणि नोंदीची एक प्रत ग्रामसभेकडे जावी. ती विद्यापीठाच्या कपाटात अडकून पडू नये. संशोधन गावातून घ्यावयाचे आणि गावाला परत द्यावयाचे नाही, ही रीत जुन्या मालगुजारीहून फारशी निराळी नाही.

‘विवेकसिंधू’ अंभोऱ्यास लिहिला गेला की अंबेजोगाईस, हा वाद पुढेही चालू राहील, आणि तो राहावा. परंतु त्या संगमावर ज्यांनी पिढ्यानपिढ्या माणसांना एका तीरावरून दुसऱ्या तीरावर पोचविले, त्यांच्या गाण्यांचे स्थान निश्चित करण्यासाठी आठशे वर्षांनंतर पुराव्यांचा शोध घ्यावा लागू नये. ते स्थान सांगणारी माणसे आज आहेत. त्यांना विचारण्याचे काम तेवढे बाकी आहे.